गाडीवरची माणसं जेवतात कुठं? नेपरव्हिल ते कर्नी, चार दिवस

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नेब्रास्कात क्रौंच पक्षी बघायला गेलो होतो. पक्षी पोटभर बघितले. पण परत आल्यापासून घरात बोलणं चालू आहे ते पक्ष्यांचं कमी आणि ट्रक स्टॉपवरच्या जेवणाचं जास्त. त्याला कारण आई.

आण्णा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं गाडीवर होते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ भरायचा, गुजरातेत उतरवायचा, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. महिन्यातले वीस-बावीस दिवस घराबाहेर. दर फेरीनंतर आई विचारायची, "जेवणाचं काय केलंत?" आणि आण्णा म्हणायचे, "खाल्लं कुठंतरी." ते 'कुठंतरी' आईने कधी बघितलं नाही. आण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. साडेसहाशे मैल जायचंय, वाटेत सगळे ट्रकच ट्रक असतील, असं सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "ही गाडीवरची माणसं जेवतात कुठं रे?"

मग ठरलंच. जाताना-येताना जिथं ट्रक थांबतात तिथंच बसून जेवायचं. बायको तयार होती, अकरा वर्षांची लेक तर आधीपासूनच. अडचण एकच होती. आईच्या गळ्यात माळ आहे, मांस-मच्छी सोडाच, अंडंसुद्धा चालत नाही. त्याचं काय केलं ते पुढे येईलच.

दिवस पहिला, गुरुवार : नेपरव्हिल ते ओमाहा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून पहाटे साडेपाचला निघालो. आय-८८ हायवे धरून पश्चिमेला जायचं, क्वाड सिटीज या नदीकाठच्या शहरांजवळ आय-८० लागतो आणि लगेच मिसिसिपी. पुलावर आईने हात जोडले. नदी मोठी दिसली की ती हात जोडतेच. पाणी गढूळ होतं, काठाच्या झाडांना अजून पान नव्हतं.

पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत वॉलकॉट येतं. तिथला 'आयोवा ८०' हा जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप म्हणून ओळखला जातो. १९६४ साली एका तेल कंपनीने तो बांधला, पुढच्याच वर्षी बिल मून यांनी चालवायला घेतला आणि १९८४ साली विकत घेतला. आजही तो मून कुटुंबाकडेच आहे. नऊशे ट्रक उभे राहतील एवढी जागा, आत न्हावी, दातांचा डॉक्टर, पाठ-मान मोकळी करून देणारा कायरोप्रॅक्टर, कपडे धुवायची यंत्रं, छोटं सिनेमागृह. दुकानात आख्खा ट्रक ठेवलेला आहे, त्याभोवती आरसे, दिवे, क्रोमचे पाइप यांच्या रांगा. शेजारी जुन्या ट्रकांचं संग्रहालय आहे, त्याला तिकीट नाही. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी बघून घ्या. मला त्यातली साखळीवर चालणारी शंभर वर्षांपूर्वीची गाडी बघायची होती. आई मात्र दरवाजातच थांबली आणि एका जुन्या ट्रकच्या पायरीवर हात ठेवून म्हणाली, "आण्णांच्या गाडीची पायरी ह्याच्यापेक्षा उंच होती. चढताना गुडघा दुखायचा त्यांचा."

एक गोष्ट मला इथंच कळली. हायवेवर जागोजाग 'कॅट स्केल' अशी पिवळी-काळी पाटी दिसते, तो ट्रक तोलायचा काटा. १९७७ साली याच मून यांनी ते सुरू केलं. इथं भरलेला ट्रक ८०,००० पौंडांच्या वर गेला की दंड, म्हणून माल भरला की ड्रायव्हर आधी काट्यावर येतो. "म्हंजे आपल्यासारखंच," आई म्हणाली. गुळाची गाडी काट्यावर तासन्‌तास अडकली की आण्णांचं जेवण हुकायचं, हे तिला पाठ होतं.

न्याहारी तिथंच केली. आईने टोस्ट, भाजलेला बटाटा आणि फळं घेतली. जागा चांगली आहे, पण प्रचंड आहे. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय हे कळायच्या आत माणूस उठून गेलेला असतो.

आयोवा ओलांडायला पाच तास लागतात. माणसं सुमारे ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, असं हे राज्य. साहजिकच इथलं नाव काढण्यासारखं पक्वान्न म्हणजे पोर्क टेंडरलॉइन सँडविच. डुकराच्या मांसाचा तुकडा ठोकून ठोकून पातळ करायचा, कुरकुरीत तळायचा आणि पावात घालायचा. तुकडा पावाच्या चहूबाजूंनी वीतभर बाहेर आलेला असतो. डी मॉइनच्या पुढे एका छोट्या, घरच्यांनीच चालवलेल्या ट्रक स्टॉपवर मी तो खाल्ला. कडेकडेने मोडत आत जायचं, पावापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात. वर लोणच्याच्या काकडीच्या चकत्या आणि मोहरीची पिवळी चटणी. मी आणि लेक दोघांत एक पुरला.

रात्री ओमाहाला मुक्काम.

दिवस दुसरा, शुक्रवार : सरळ रस्ता, आणि काउंटरवरची जागा

लिंकन सोडलं की ग्रँड आयलंडपर्यंत आय-८० सुमारे ७२ मैल दोरी ताणल्यासारखा सरळ आहे. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली ताटं आणि शेतात उभे चाकांवरचे लांबच लांब पाइप. मधोमध विहीर आणि पाइप तिच्याभोवती गोल फिरतो, म्हणून विमानातून इथली शेतं भाकरीसारखी गोल दिसतात. ही पद्धत फ्रँक झायबॅक यांनी शोधली, पेटंट १९५२ चं. लेकीने विचारलं, मग चौकोनी शेताच्या कोपऱ्यांना पाणी कसं मिळतं? मला सांगता आलं नाही. त्याचं उत्तर दुपारी मिळालं.

ऑरोराच्या आसपास एका एक्झिटला उतरलो, हायवे सोडून दोनेक मैल आत. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनी "आमच्याबद्दल इंटरनेटवर काही टाकू नका" असं हसत पण स्पष्ट सांगितलं आहे. बाहेर डिझेलचे सहा पंप, खडीचं मोठं मैदान, चाळीसेक ट्रक. आत काउंटर, पुढे बारा स्टुलं, खिडकीशी सोफ्याची बाकं. दारातच फळ्यावर खडूने लिहिलेलं: आज टर्की, बटाटे, मका, आणि 'पाय' (पिठाच्या आवरणात भाजलेलं गोड पक्वान्न) रुबार्ब या आंबट देठांचा.

इथं थोडं हिशोबाचं. आय-८० वरच्या बहुतेक मोठ्या एक्झिटवर आता तीन कंपन्या दिसतात: पायलट, लव्ह्ज आणि टीए. टीए २०२३ साली बीपी या तेल कंपनीने विकत घेतली. पायलट २०२४ पासून पूर्ण बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीची आहे. त्यांच्याकडे उजेड असतो, स्वच्छ न्हाणीघरं असतात, पार्किंग असतं, आणि रात्री दोन वाजता ड्रायव्हरला हे सगळं लागतं. पण खायला बऱ्याच ठिकाणी पिझ्झा-बर्गरचा काउंटर, कागदात गुंडाळून घ्यायचं आणि गाडीत बसून खायचं. चिनी मातीच्या ताटात वाढून समोर आणून ठेवणारी जागा हवी असेल तर अशी एकट्या मालकाची ठिकाणं शोधावी लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाटी जुनी, खिडक्यांना घरातल्यासारखे पडदे, बाहेर ट्रकांबरोबर आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पिकअप गाड्या. गावची माणसं दुपारी जिथं जेवायला येतात तिथलं अन्न चांगलंच असणार.

बाकं भरलेली होती, म्हणून आम्ही चौघं काउंटरवर ओळीने बसलो. वाढणारी बाई साठीची असेल, पांढरे केस मागे बांधलेले, कानात पेन्सिल. सगळ्यांना "हन" (हनी, म्हणजे लाडाने 'बाळा') म्हणायची, आईलासुद्धा. लेकीने आजीचं पथ्य समजावून सांगितलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-चीज चालतं. बाईने पेन्सिल काढली, लिहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या तव्यावरचं काहीच चालायचं नाही. तिथं सकाळपासून बेकन भाजलंय." मी अजून काही विचारायच्या आत तिने आत हाक मारली, वेगळी कढई काढ म्हणून.

हे शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावं. ट्रक स्टॉपवर हॅश ब्राउन म्हणजे बटाट्याचा कीसच असतो, पण तो बेकनच्याच तव्यावर होतो. हिरव्या शेंगांच्या भाजीत बहुतेक वेळा बेकन असतं. सूप मांसाच्या पाण्यातलं. पायच्या आवरणात पुष्कळदा डुकराची चरबी घालतात, त्यानेच ते खुसखुशीत होतं. पॅनकेकमध्ये अंडं. हे सगळं विचारायला संकोच करू नका, खरं उत्तर मिळतं. घाई नसलेल्या वेळी, म्हणजे दुपारी दोननंतर गेलात तर वेगळं करूनही देतात. आणि बीफ न खाणाऱ्यांसाठी एक: 'चिकन फ्राइड स्टेक' या नावात चिकन असलं तरी ते बीफच असतं, चिकनसारखं तळलेलं एवढंच.

आईपुढे जे आलं ते असं. खोलगट ताटात लोण्यावर परतलेल्या बटाट्याच्या फोडी, कडा तांबूस, त्यात कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची. बाजूला उकडलेला गोड मका, पांढऱ्या पावाचे दोन टोस्ट, वाटीत कॉटेज चीज. आईने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली, बटाट्यावर भुरभुरली आणि पहिला घास खाऊन म्हणाली, "मीठ बरोबर आहे." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नसते. मी टर्की घेतली. दोन पावांवर टर्कीचे काप, मधे कुस्करलेल्या बटाट्याचा ढीग, सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही. सॅलडवर घालायला 'डॉरथी लिंच' नावाचं केशरी, गोडसर ड्रेसिंग ठेवलं होतं. याच राज्यातल्या सेंट पॉल गावच्या त्या नावाच्या बाईंनी केलेलं, नेब्रास्कात ते घरोघर असतं.

आईच्या पलीकडे एक ड्रायव्हर होता, आयडाहोहून बटाटे घेऊन चाललेला. लेक मधे बसून दोघांची दुभाषी झाली. आईचे प्रश्न ठरलेले: घरी कोण, कितव्या दिवशी घरी जाणार, काल रात्री काय जेवलास. तो सगळ्यांची उत्तरं देत होता. काल रात्री गाडीत डब्यातलं चिली, म्हणजे मांसाचा तिखट दाट रस्सा, खाल्लं म्हणाला. मग त्याने आपलं गणित सांगितलं. दहा तास विश्रांती झाली की घड्याळ सुरू होतं, पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आठ तास चालवली की अर्धा तास थांबायलाच पाहिजे. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं, खोटं लिहायची सोय नाही. मजुरी मैलावर. चाक फिरलं तर पैसे. "तो अर्धा तास मी इथंच घालवतो," काउंटरवर बोट ठेवत तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा जातो. इथं माझ्या कपाची जागा तिला माहीत आहे."

आईने ते वाक्य लेकीकडून दोनदा सांगून घेतलं.

कोपऱ्यांच्या पाण्याचं उत्तर पलीकडच्या शेतकऱ्याने दिलं. काही पाइपांना टोकाला सांधा असलेला जादा हात असतो, तो कोपऱ्याशी आला की लांब होतो. नाहीतर कोपरे कोरडवाहू.

पायची वेळ आली. बाईने आधीच सांगून टाकलं, आवरणात चरबी आहे. आणि मग आत जाऊन ती नुसती रुबार्बची शिजवलेली साखरी फोड वाटीत घेऊन आली, वर आइस्क्रीम. गेल्या उन्हाळ्यातला रुबार्ब, गोठवून ठेवलेला. आई म्हणाली, अंबाडीला साखर घातल्यासारखं लागतंय.

चौघांचे ५२ डॉलर झाले. टिप विसरू नका. नेब्रास्कात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, बाकी कमाई तुमच्या-आमच्या हातात. किमान वीस टक्के द्या, आणि रोख द्या.

संध्याकाळी कर्नीला. फोर्ट कर्नीजवळ प्लॅट नदीवर रेल्वेचा जुना पूल आहे, आता तो चालणाऱ्यांसाठी आहे. गाडीला पार्क परमिट लागतं, ते आधीच काढा. सूर्य टेकला आणि पश्चिमेकडून ओळी यायला लागल्या. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन, म्हणजे हे क्रौंच, या नदीच्या एका टप्प्यावर उतरतात, दिवसभर शेतातला सांडलेला मका खातात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. आवाज आधी येतो, लाकडी खुळखुळा घशात वाजल्यासारखा, मग ते दिसतात. अंधार पडला तरी येतच होते.

दिवस तिसरा, शनिवार : ढाबा, आणि मग वारा

पहाटे परत पुलावर. पाण्यात राखाडी ढिगारे दिसत होते, ते उजाडताना हलले आणि एकदम उठले. थंडीने बोटं चालत नव्हती. दोन जोड हातमोजे न्या.

दुपारी कर्नीच्या पश्चिमेला एका ट्रक स्टॉपवर गेलो, तिथं आत पंजाबी जेवण मिळतं असं ऐकलं होतं. अमेरिकेत पंजाबी ड्रायव्हर वाढत गेले तसे आय-४० आणि आय-८० च्या कडेला असे ढाबे उभे राहिले. दाल, पालक पनीर, तव्यावरची रोटी, स्टीलच्या पेल्यात चहा. भिंतीवर सुवर्णमंदिर. लुधियानाकडचा एक मुलगा, पंचविशीचा असेल, कॅलिफोर्नियाहून बदाम घेऊन चालला होता. आईशी तो हिंदीत बोलला, "माताजी, तीन दिवसांनी रोटी मिळाली." आईने आपल्या ताटातली एक रोटी त्याच्या ताटात ठेवली. त्याने वाकून नमस्कार केला आणि मुकाट खाल्ली.

बाहेर आलो तर हवा फिरली होती. सकाळी अकराला १६ अंश होतं, आता उत्तरेचा वारा सुटला होता आणि ट्रकच्या ताडपत्र्या फडफडत होत्या. बर्फाचा इशारा होता, पण तो रात्रीचा. सोमवारी ऑफिस, म्हणून लगेच पूर्वेला निघालो. ही चूक झाली. मार्चमध्ये या भागात इशाऱ्याची वेळ पाळायची नसते, इशारा पाळायचा असतो. ग्रँड आयलंड मागे टाकलं आणि बर्फ आडवं यायला लागलं. वरून कमी पडत होतं, शेतातलं उडून रस्त्यावर जास्त येत होतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. आई मागे 'ज्ञानोबा माउली' म्हणत होती, मोठ्याने नाही. फोनवर ५११ ची, म्हणजे रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेची, सूचना आली: पुढे आय-८० बंद. नेब्रास्कात हायवेवर चढायच्या रस्त्यांना रेल्वेसारखी फाटकं आहेत, ती खाली पडली की कुणी वर चढू शकत नाही. आम्ही आधीच वर होतो, पोलिसांनी पुढच्या एक्झिटला सगळ्यांना उतरवलं. तो एक्झिट कालचाच होता.

दोन मैलांना चाळीस मिनिटं लागली. खडीचं मैदान गच्च भरलेलं, साठ-सत्तर ट्रक तरी असतील, इंजिनं चालू, शीतपेटीच्या ट्रेलरांची घरघर. दार उघडलं आणि कालचीच बाई म्हणाली, "तुमची कढई बाहेरच आहे."

त्या रात्रीबद्दल सांगतो. स्वयंपाकीणबाईला घरी जाता आलं नाही, म्हणून रात्रभर चूल चालू राहिली. फळ्यावरची यादी पुसून मालकीणबाईंनी तीनच गोष्टी लिहिल्या: चिली आणि सिनॅमन रोल, ब्रोस्टेड चिकन, बटाटे. चिलीबरोबर गोड दालचिनीचा रोल खायची इथली जुनी सवय आहे, शाळेतल्या जेवणापासूनची. रोल तोडून तिखट चिलीत बुडवतात. चिली बीफचं होतं, म्हणून मी ब्रोस्टेड चिकन खाल्लं. बंद भांड्यात दाबाखाली तळतात, वरून कुरकुरीत, आत रसरशीत.

आईचं लक्ष कोपऱ्यातल्या एका माणसाकडे होतं. टोपी टेबलावर, पुढे ताट, पण हात लावत नव्हता. दर दहा मिनिटांनी कोट चढवून बाहेर जायचा, बर्फाने पांढरा होऊन परत यायचा. "तो जेवत का नाही?" आईने लेकीला विचारायला पाठवलं. त्याच्या गाडीत वासरं होती. मोंटानाहून निघालेली, नव्वदच्या आसपास. जनावरं गाडीत सलग २८ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, उतरवून चारा-पाणी द्यायचं, असा इथला कायदा १८७३ सालापासून आहे. त्याला कायद्याची काळजी होतीच, पण त्याहून जास्त वाऱ्याची. ट्रेलरच्या भोकांमधून वारा आत जात होता आणि गाडी उभी असताना जनावरं आखडतात, असं तो म्हणाला.

लेकीने आजीला सांगितलं. आई म्हणाली, "जनावर उपाशी असताना घास कसा उतरेल त्याच्या गळ्याखाली."

हे मालकीणबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या अर्धा तास फोनवरच होत्या. नऊच्या सुमाराला एक ट्रॅक्टर आला, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला, आत काल पाइपाच्या हाताबद्दल सांगणारा तोच शेतकरी. मैलभर अलीकडे त्याचे गोठे होते, वाऱ्याला आडोसा असलेले. ट्रॅक्टर पुढे, वासरांचा ट्रक मागे, असे ते अंधारात गेले. आम्ही सगळे खिडकीशी उभे होतो. दिवे दिसेनासे झाल्यावरसुद्धा बराच वेळ कुणी हललं नाही.

मोठ्या कंपनीच्या स्टॉपवर माणसं वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण रात्री नऊ वाजता, अशा बर्फात, कुणाच्या गोठ्यात जागा आहे हे माहीत असायला त्या गावात चाळीस वर्षं चहा-कॉफी वाढलेली असावी लागते.

दहानंतर गर्दी ओसरली. वाढणारी बाई एका बाकावर बसली, पुढे काटे-चमच्यांची परात आणि कागदी रुमालांचा गठ्ठा. उद्यासाठीच्या सुरळ्या करायच्या होत्या: सुरी, काटा, चमचा, रुमालात गुंडाळायचं, वर कागदी पट्टी. आई तिच्यासमोर जाऊन बसली. पहिल्या दोन सुरळ्या नीट बघितल्या, तिसरी स्वतः केली. बाईने ती हातात घेऊन बघितली आणि मान हलवली. मग दोघी बसल्या. एकीला मराठी, दुसरीला इंग्रजी. मधेच बाईने फोनमधला नवऱ्याचा फोटो दाखवला, ट्रकच्या दारात उभा. आईने पाकिटातला आण्णांचा काढला, तोही गाडीच्या दारात. त्यावर कुणी काही बोललं नाही, सुरळ्या चालू राहिल्या. मी मोजल्या नाहीत, पण दोन मोठे डबे भरले.

साडेअकराला वासरांचा ड्रायव्हर परत आला. सगळी उतरली, पाणी प्यायली, म्हणाला. बाईने त्याचं थंड ताट उचललं आणि नवीन आणलं. चिकनचे चार तुकडे, बटाट्याचा डोंगर, मधे खड्डा करून ग्रेव्ही, मका, दोन रोल. तो जेवला ते मी आईच्या शेजारी बसून बघितलं. आधी रोलने ग्रेव्हीची कड पुसली. मग बटाटा, मका काट्याने ओढून बटाट्यात कालवला. चिकनचं हाड बोटांनी धरून स्वच्छ केलं. डोकं एकदाही वर केलं नाही. आई शेवटपर्यंत बघत होती. त्याने ताट बाजूला सारलं तेव्हा ती उठली आणि आपल्या डब्यातले दोन शेंगदाण्याचे लाडू त्याच्यापुढे ठेवून आली.

झोपायला ड्रायव्हरांच्या विश्रांतीची खोली होती, टीव्ही आणि मागे झुकणाऱ्या खुर्च्या. ड्रायव्हरांनी स्वतःहून आई, बायको आणि लेकीला तीन खुर्च्या सोडल्या आणि आपापल्या गाडीत गेले. मी बाकावर पडलो. हिवाळा संपला असं वाटलं तरी गाडीत एक पांघरूण, पाणी आणि कोरडं खाणं असू द्या. टाकी अर्धीच्या खाली जाऊ देऊ नका.

दिवस चौथा, रविवार

सकाळी ऊन, डोळे दिपवणारं. दहाला फाटकं उघडली. मैदानातून ट्रक एकेक करून बाहेर पडत होते आणि प्रत्येक जण निघताना भोंगा वाजवत होता. बाईने आईसाठी कढईत बटाटे केले होते, यावेळी चटणी आत घालून. डबी काल आईने तिथंच ठेवली होती. बिलात बटाट्याचे पैसे नव्हते. मी विचारलं तर म्हणाली, रात्रपाळी केलेल्यांना न्याहारी लागत नाही. आईने माझ्याकडून वीसची नोट घेतली आणि बशीखाली सरकवली.

पुढचे साडेपाचशे मैल नुसते कापले. वाटेत फक्त डिझेलच्या वासाची कॉफी आणि एक पेट्रोलची टाकी. मिसिसिपीवर अंधार पडला होता.

त्याआधी, आयोवात कुठंतरी, आईने कोल्हापूरला मावशीला फोन लावला. तिकडे पहाट होती. क्रौंचांचं मी सांगायला लावलं तेव्हा "पक्षी होते, लाखांनी होते" एवढं झालं. मग ती खिडकीकडे वळून, शेजारून जाणाऱ्या ट्रकांकडे बघत सांगत राहिली: "बटाटं असतंय गं, कुस्करलेलं. मका असतोय. गरम असतंय सगळं. ताटात वाढतात, चिनी मातीच्या. बाई असती वाढायला, आपल्या वयाची. आणि कॉफी पुन्हा पुन्हा देतात. नाही गं, परतपरत पैसे नाही घेत. एकदाच."